"मटेरियलच नाहीये" म्हणण्याआधी: विद्यापीठाच्या लायब्ररीतून रिसर्च पेपर, थिसिस शोधायची पूर्ण पद्धत

"मॅडम, माझ्या विषयावर काहीच मटेरियल नाहीये हो." लायब्ररीच्या चौकशी डेस्कवर हे वाक्य मला दर आठवड्याला ऐकू येतं, सिनॉप्सिस द्यायच्या दिवसांत तर रोजच. मग मी विचारते कुठे कुठे पाहिलंस, काय शब्द टाकलेस, तर उत्तर जवळपास ठरलेलं असतं, गूगलवर विषयाचं टायटल जसंच्या तसं टाकलं आणि पहिली दोन पानं पाहिली. आणि मग आम्ही दोघं शेजारी बसून शोधायला लागलो की तासाभरात एवढं सापडतं की पोरांना आनंदही होतो आणि वाईटही वाटतं, कारण मधले दोनतीन महिने वाया गेलेले असतात.

मटेरियल खरंच नाही असं फार कमी वेळा होतं. क्रम उलटा झालेला असतो, आधी सर्च बॉक्स उघडतात आणि मग काय शोधायचं याचा विचार करतात. म्हणून खाली सगळं क्रमानं लिहिलंय, टप्पे गाळू नका, विशेषतः दुसरा आणि तिसरा.

पूर्ण लेखात एकच उदाहरण धरून चालूया. विषय समजा असा आहे: "बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या हंगामी स्थलांतराचा त्यांच्या मुलांच्या शिक्षणावर होणारा परिणाम: एक चिकित्सक अभ्यास". इंग्रजी शब्द इथे देवनागरीत लिहिलेत, सर्च करताना अर्थातच इंग्रजी स्पेलिंग टाकायचं. जिथे स्पेलिंगनंच फरक पडतो तिथे अक्षरं फोडून दिलीत.

## टप्पा १: लॉगिनचं काम आठवडाभर आधी उरका

हे पहिलं ठेवलंय कारण याला वेळ लागतो आणि तो आपल्या हातात नसतो.

विद्यापीठ जे जर्नल्स आणि डेटाबेस घेतं ते कॅम्पसच्या नेटवर आपोआप उघडतात, कारण तिथे प्रकाशक आयपी ॲड्रेस, म्हणजे विद्यापीठाच्या नेटचा पत्ता ओळखतो. घरी किंवा होस्टेलवर मोबाईल डेटावर तोच पेपर उघडला की पैसे मागणारं पान येतं, आणि इथेच बरेच जण समजतात की आपल्या विद्यापीठाकडे हे नाहीच. घरून उघडायचं तर रिमोट ॲक्सेस लागतो. विद्यापीठांच्या लायब्रऱ्या जोडणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या केंद्राची इन्फेड नावाची सोय आहे, तिचा आयडी लायब्ररीकडून बनवून मिळतो. काही विद्यापीठांकडे स्वतःचं वेगळं रिमोट सॉफ्टवेअर असतं. लायब्ररीत जाऊन सरळ विचारा, "घरून ई-जर्नल्स कसे उघडायचे, माझा आयडी करून द्या." सोबत ओळखपत्र आणि असेल तर विद्यापीठाचा ईमेल न्या.

१ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारची वन नेशन वन सबस्क्रिप्शन ही योजना सुरू झालीये, त्यात ३० प्रकाशकांचे जवळपास १३,००० जर्नल्स केंद्र आणि राज्य सरकारच्या अखत्यारीतल्या उच्चशिक्षण संस्थांना खुले झालेत. सरकारी विद्यापीठात असाल तर दोन वर्षांपूर्वी सिनियरनं सांगितलेलं "आपल्याकडे ते जर्नल येत नाही" आता धरून चालू नका, पुन्हा तपासा. कॉलेजमध्ये असाल तर एन-लिस्ट ही ई-जर्नल्स आणि ई-पुस्तकांची सोय आहे का ते विचारा, ती कॉलेजांसाठीच आहे आणि तिचा आयडी वेगळा असतो.

सावधान: दुसऱ्याचा आयडी वापरू नका आणि एका बैठकीत अख्ख्या जर्नलचे सगळे अंक डाऊनलोड करत सुटू नका. प्रकाशकाला असं काही दिसलं की तो पूर्ण विद्यापीठाचा ॲक्सेस काही काळ बंद करू शकतो, आणि त्याचा त्रास बाकी सगळ्यांना होतो.

तपासा: वायफाय बंद करून मोबाईल डेटावर एक पेपर पूर्ण उघडून पाहा. प्रकाशकाच्या पानावर "संस्थेमार्फत ॲक्सेस" अशा अर्थाची लिंक असते, त्यातून आपल्या विद्यापीठाचं नाव निवडायचं. पीडीएफ उघडली तरच पुढे जा.

## टप्पा २: प्रश्न कागदावर फोडा

कॉम्प्युटर बंद. वही घ्या.

टायटलमधले सगळे शोभेचे शब्द खोडा. "परिणाम", "अभ्यास", "एक चिकित्सक", "विशेष संदर्भ", हे गाईडला आणि कमिटीला लागतात, डेटाबेसला लागत नाहीत. उलट "इम्पॅक्ट" हा शब्द सर्चमध्ये टाकला की ज्या लेखकानं "इफेक्ट" किंवा "कॉन्सिक्वेन्सेस" लिहिलंय किंवा असला शब्दच वापरलेला नाही, त्याचा पेपर तुमच्या हातून गेला.

खोडून झाल्यावर जे उरतं ते तीनचार डब्यांत टाका. आपल्या विषयात: कोण, तर ऊसतोड कामगार. काय होतंय, तर हंगामी स्थलांतर. कशाबद्दल, तर मुलांचं शिक्षण. कुठे, तर बीड. बस्स एवढंच. पाचवा डबा तयार होत असेल तर समजा तुम्ही दोन प्रश्न एकत्र करताय.

तपासा: हे डबे मित्राला दाखवा आणि त्याला विषय काय ते ओळखायला सांगा. त्याला ओळखता आलं तर फोड बरोबर झालीये.

## टप्पा ३: शब्दांचा तक्ता

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायला हवा आणि नेमका हाच टप्पा कोणी करत नाही. प्रत्येक डब्याखाली, हीच गोष्ट दुसरा माणूस कुठल्या शब्दात लिहील, ते सगळं लिहायचं.

"कोण" घ्या. शुगरकेन कटर, केन कटर, शुगरकेन हार्वेस्टर, शुगरकेन वर्कर, शुगरकेन लेबरर. त्यात शुगरकेन हे एक शब्द म्हणूनही लिहितात आणि शुगर केन असं तोडूनही, दोन्ही लिहून ठेवा. लेबरचं ब्रिटिश स्पेलिंग एल-ए-बी-ओ-यू-आर आणि अमेरिकन स्पेलिंग यू काढून, आपले लेखक पहिलं वापरतात पण जर्नल अमेरिकेतलं असेल तर दुसरं होऊन येतं, म्हणून दोन्ही. मग मराठी शब्द रोमन लिपीत: ऊसतोड हे यू-एस-टी-ओ-डी असंही सापडतं आणि सुरुवातीला डबल ओ लावूनही. कोयता, मुकादम (मजूर पुरवणारा ठेकेदार), उचल (कामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम) हे शब्दही तक्त्यात घ्या. नवराबायकोच्या जोडीला "कोयता" म्हणतात हे ज्याला माहीत आहे तो संशोधक फील्डवर गेलेला असतो, त्याचा पेपर साधारण कामाचा निघतो.

"शिक्षण" खाली एज्युकेशन, स्कूलिंग, ड्रॉपआऊट, स्कूल अटेंडन्स, आऊट ऑफ स्कूल चिल्ड्रन, आणि आपल्याकडचे खास शब्द म्हणजे साखरशाळा (कारखान्याजवळ या मुलांसाठी चालणारी शाळा) आणि हंगामी वसतिगृह. साखरशाळा रोमनमध्ये जोडून आणि तोडून दोन्ही प्रकारे टाकून बघा.

"कुठे" हा डबा सगळ्यात फसवा. बीड हे बी-डबल ई-डी असं लिहितात, बी-आय-डी असंही, आणि जुन्या कागदपत्रांत बी-एच-आय-आर असंही आहे. सोलापूर आधी एस-एच नं सुरू व्हायचं. औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबाद आणि धाराशिव, अहमदनगर आणि अहिल्यानगर, ही नावं बदलली तरी जुने पेपर जुन्याच नावानं राहणार, म्हणून दोन्ही नावं हवीत. शिवाय लेखकानं बीड लिहिलंच नसेल, मराठवाडा लिहिलं असेल, किंवा कामगार जिथे तोडीला जातात ते कोल्हापूर, सांगली, बेळगाव लिहिलं असेल. म्हणून माझा आग्रह असा की गावाचं नाव पहिल्या सर्चमध्ये टाकूच नका, फारच जास्त निकाल आले तर शेवटी टाका. मजुरांवर संशोधन करणारे डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७८ मध्ये गुजरातेतल्या बार्डोलीच्या साखर कारखान्यांवर लिहिलं, त्यातले तोडकरी आपल्या खानदेशातून गेलेले. "महाराष्ट्र" टाकून शोधणाऱ्याला ते काम दिसायची शक्यता फार कमी, आणि या विषयात ते न वाचता पुढे जाणं बरोबर नाही.

सावधान: तक्ता एकदाच बनवून संपत नाही. पहिले पाचसहा चांगले पेपर सापडले की त्यांचे कीवर्ड, म्हणजे लेखकानं पेपरच्या सुरुवातीला दिलेले मुख्य शब्द पाहा आणि नवीन शब्द तक्त्यात घाला. माझ्या अनुभवात खरा कामाचा शब्द बहुतेक वेळा या दुसऱ्या फेरीतच मिळतो.

## टप्पा ४: कुठे शोधायचं आणि आधी कुठे

४.१ लायब्ररीचा ओपॅक. म्हणजे पुस्तकांचा ऑनलाईन कॅटलॉग. यात पेपर सापडत नाहीत, पुस्तकं आणि छापील थिसिस सापडतात, हे लक्षात न घेता लोक ओपॅकमध्ये आर्टिकलचं नाव टाकतात आणि "नाही" म्हणून निघून जातात. एक बरं पुस्तक सापडलं की त्याचा विषय क्रमांक लिहून घ्या आणि शेल्फपाशी जा, शेजारची दहा पुस्तकं पाहा. हे काम आजही स्क्रीनवर तितकं चांगलं होत नाही.

४.२ शोधगंगा. भारतातल्या विद्यापीठांचे पीएचडी थिसिस इथे मोफत आहेत, पाच लाखांहून जास्त. डेटाबेसच्या आधी इथे यायचं कारण असं की तुमच्या विषयाच्या जवळच्या थिसिसचं साहित्याचा आढावा हे प्रकरण वाचलं की शब्द, लेखक, जर्नल्स सगळं एकदम हातात येतं. प्रत्येक प्रकरणाची वेगळी पीडीएफ असते, त्यामुळे तेवढंच उघडता येतं.

पण इथे दोन अडचणी आहेत. पहिली, टायटल आणि कीवर्ड हे ठिकठिकाणच्या लोकांनी भरलेत, स्पेलिंगच्या चुका भरपूर आहेत. म्हणून सर्चवर अवलंबून न राहता विद्यापीठ, मग विभाग असं ब्राऊझ करत यादी डोळ्याखालून घाला. मराठवाड्यातल्या आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या विद्यापीठांचे समाजशास्त्र, अर्थशास्त्र, समाजकार्य, शिक्षणशास्त्र एवढे विभाग पाहायला एक दुपार जाते, जाऊ द्या. दुसरी अडचण मराठी थिसिसची. बरेच जुने थिसिस युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरला मराठी अक्षरं ओळखता येतील अशा पद्धतीत नाहीत, जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेत, त्या पीडीएफमधून मजकूर कॉपी केला तर वेडीवाकडी चिन्हं पेस्ट होतात. म्हणजे आत "ऊसतोड" शंभर वेळा असला तरी सर्चला तो दिसत नाही. टायटल मराठीत टाकून पाहा, रोमनमध्ये टाकून पाहा, आणि नाहीच सापडलं तर ब्राऊझ.

कृषी विद्यापीठांचे थिसिस पाहायचे तर कृषिकोश हे वेगळं भांडार आहे. राहुरी, परभणीचं काम तिथे बघा, फक्त शोधगंगा पाहून "शेतीवर काही नाही" असं लिहू नका.

४.३ विषयाचे डेटाबेस. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स (जगभरच्या जर्नल्समधल्या पेपरांच्या याद्या), जेस्टोर (जर्नल्सचे जुने अंक), आरोग्याचा विषय असेल तर पबमेड. यातलं काय काय आपल्याकडे आहे ते लायब्ररीच्या वेबसाईटवर ई-रिसोर्सेस या पानावर दिलेलं असतं. पबमेड सगळ्यांसाठी मोफत आहे. जेस्टोरबद्दल एकच गोष्ट: बऱ्याच जर्नल्सचे शेवटचे काही वर्षांचे अंक तिथे नसतात, त्यामुळे जेस्टोर पाहून "अलीकडे संशोधन झालेलं नाही" असा निष्कर्ष काढलात तर तो सरळ चूक ठरेल.

४.४ गूगल स्कॉलर. वापरा, पण चौथ्या नंबरवर. आधी सेटिंगमध्ये जाऊन लायब्ररी लिंक्समध्ये आपल्या विद्यापीठाचं नाव निवडा, म्हणजे विद्यापीठानं तशी सोय केलेली असेल तर निकालाच्या उजवीकडे आपल्याला उघडता येणाऱ्या प्रतीची लिंक दिसते. हे सेटिंग दोन मिनिटांचं आहे आणि मी ज्यांना विचारते त्यातल्या बहुतेकांनी केलेलं नसतं.

४.५ जे कुठल्याच डेटाबेसमध्ये नाही ते. आपल्या उदाहरणात हे फार महत्त्वाचं आहे. बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर २०१९ मध्ये राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. असे समितीचे अहवाल, साखर आयुक्तालयाची आकडेवारी, शिक्षण विभागाचे शासन निर्णय, संस्थांचे सर्वेक्षण अहवाल स्कोपसमध्ये शोधून मिळणार नाहीत. वाईचं नवभारत, समाज प्रबोधन पत्रिका यांसारख्या मराठी नियतकालिकांचंही बरंचसं असंच, त्यांच्या बांधीव फाईली लायब्ररीत हातानं चाळाव्या लागतात. पुण्यात असाल किंवा जाणं होणार असेल तर गोखले इन्स्टिट्यूटची लायब्ररी सोडू नका, शेती आणि अर्थशास्त्राचा जुना साठा तिथे मोठा आहे आणि त्यातलं बरंच त्यांनी स्कॅन करून ऑनलाईनही ठेवलंय.

## टप्पा ५: सर्च बांधणं

आता कुठे टायपिंग. नियम तसा सोपा आहे. एकाच डब्यातले शब्द ऑर नं जोडायचे आणि त्याभोवती कंस घालायचा, वेगवेगळे डबे ॲण्ड नं जोडायचे. ऑर आणि ॲण्ड कॅपिटलमध्येच लिहा. दोन शब्द एकत्रच हवे असतील तर अवतरण चिन्हांत.

आपलं उदाहरण असं होईल. पहिल्या कंसात "शुगरकेन कटर" ऑर "केन कटर" ऑर "शुगरकेन वर्कर" ऑर ऊसतोड. मग ॲण्ड. दुसऱ्या कंसात मायग्रेशन ऑर मायग्रंट ऑर सीझनल. मग ॲण्ड. तिसऱ्या कंसात एज्युकेशन ऑर स्कूलिंग ऑर ड्रॉपआऊट ऑर साखरशाळा.

पण हे एकदम टाकू नका. आधी फक्त पहिला कंस चालवा आणि किती निकाल आले ते लिहा. मग दुसरा जोडा, मग तिसरा. कुठला कंस जोडल्यावर निकाल एकदम आपटतात ते कळतं, आणि चूक बहुतेक त्याच कंसात असते. तिसरा जोडल्यावर दोनचारच उरले तर तिसरा काढा आणि दोन कंसांचे निकाल हातानं वाचा, विषय छोटा असेल तर हेच योग्य आहे.

कंस का घालायचा हेही सांगते, कारण लोक तेच गाळतात. वेब ऑफ सायन्स आधी ॲण्ड सोडवतं मग ऑर, पबमेड डावीकडून उजवीकडे जातं. कंस नसेल तर तेच वाक्य दोन ठिकाणी दोन अर्थानं वाचलं जातं आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही.

शब्दाचं शेपूट कापून स्टार लावायची सोय बहुतेक डेटाबेसमध्ये असते, म्हणजे एकाच मुळाचे सगळे शब्द येतात. इथे एक घडलेली गोष्ट सांगते. सार्वजनिक आरोग्याच्या एका मुलीनं एम-आय-जी-आर-ए नंतर स्टार लावून स्थलांतराचं साहित्य शोधलं, हजारो पेपर आले आणि पानंच्या पानं डोकेदुखीवरची. मायग्रेन. स्पेलिंगची पहिली पाच अक्षरं तीच आहेत ना! बिचारीनं दोन दिवस एकेक टायटल वाचून डोकेदुखी बाजूला काढली होती. उपाय एवढाच, एक अक्षर पुढे कापा: शेवटी टी घेऊन स्टार लावला की मायग्रेशन, मायग्रेट, मायग्रेटरी येतात. पण मग मायग्रंट सुटतो कारण त्यात ए नंतर एन आहे, म्हणून तो ऑर लावून वेगळा लिहा. प्रत्येक स्टारच्या वेळी एकदा विचार करायचा, हा तुकडा आणखी कुठल्या शब्दाचा असू शकतो.

आणखी काही खड्डे:

- हार्वेस्टर हा शब्द टाकला की ऊसतोडणी यंत्राचे इंजिनियरिंगचे पेपर येतात. तो नुसता कधीच नको, स्थलांतराच्या कंसासोबतच.
- नॉट वापरून ते पेपर काढायचा मोह होतो. शक्यतो नको. यंत्र आल्यामुळे कामगारांचं काय झालं यावरचा चांगला पेपरही त्यासोबत जाईल.
- गूगल स्कॉलरमध्ये स्टारनं शेपूट कापणं चालत नाही. तिथे छोटे छोटे सर्च वेगवेगळे करा. आणि कितीही लाख निकाल दाखवले तरी प्रत्यक्ष पहिले हजारच पाहता येतात.
- अवतरणात "शुगरकेन कटर" टाकलं तर "कटर्स ऑफ शुगरकेन" सुटू शकतं. स्कोपसमध्ये दोन शब्दांच्या मध्ये डब्ल्यू, स्लॅश आणि ३ लिहिलं, वेब ऑफ सायन्समध्ये निअर, स्लॅश आणि ३ लिहिलं की दोन शब्द तीन शब्दांच्या अंतरात असलेले सगळे येतात.
- पबमेडमध्ये साधा शब्द टाकला तर तो स्वतःहून जवळचे विषयशब्द जोडतो, पण स्टार किंवा अवतरण लावलं की ही सोय बंद होते. आधी साधं टाकून बघा.
- वर्डमध्ये लिहून पेस्ट केलंत तर वळणदार अवतरण चिन्हं येतात, काही ठिकाणी ती ओळखली जात नाहीत. नोटपॅडमध्ये लिहा.

तपासा: तुम्हाला आधीपासून माहीत असलेला, विषयाला अगदी लागू पडणारा एक पेपर त्या डेटाबेसमध्ये आहे का ते नावानं शोधा. मग तुमचा बांधलेला सर्च चालवा. तो पेपर त्यात आला नाही तर सर्चमध्ये काहीतरी कमी आहे. त्याचं टायटल, ॲबस्ट्रॅक्ट (सुरुवातीचा सारांश) वाचा, त्यानं कुठला शब्द वापरलाय ते तक्त्यात घाला.

## टप्पा ६: प्रत्येक सर्चची नोंद

एक्सेलची एक शीट. तारीख, डेटाबेसचं नाव, टाकलेलं वाक्य जसंच्या तसं, लावलेले फिल्टर, निकाल किती, त्यातले ठेवले किती. बास. सर्च झाल्याबरोबर भरायचं, रात्री आठवून नाही.

ही नोंद नसली तर काय होतं ते मी पाहिलंय. सहा महिन्यांनी गाईड विचारतात, "स्कोपस पाहिलं का, काय टाकून पाहिलं," आणि मुलाला काहीच सांगता येत नाही, सगळं पुन्हा पहिल्यापासून. आणि थिसिसमध्ये "या विषयावर संशोधन आढळले नाही" असं लिहायचं असेल तर ते वाक्य या शीटच्या जोरावरच लिहिता येतं.

## टप्पा ७: चाळणी दोनदा

पहिल्या फेरीत फक्त टायटल आणि ॲबस्ट्रॅक्ट, एका पेपरला एक मिनिट, ठेवायचा की नाही. शंका आली तर ठेवा. दुसऱ्या फेरीत पूर्ण पेपर उघडून, आधी पद्धत आणि निष्कर्ष. पहिल्याच फेरीत पेपर पूर्ण वाचत बसलात तर बारा पेपरांत महिना जातो आणि बाकीचे तसेच पडून राहतात.

जर्नल बरं आहे का हे बघणं इथेच. यूजीसी केअर ही मान्य जर्नल्सची यादी २०२५ मध्ये यूजीसीनं बंद केली, त्यामुळे "यादीत आहे म्हणजे झालं" हे आता चालत नाही, स्वतः पाहावं लागतं. संपादक मंडळातली माणसं खरी आहेत का, ती आपल्या संस्थेच्या पानावर सापडतात का, जुने अंक उघडतात का, एकाच अंकात समाजशास्त्र, नॅनो टेक्नॉलॉजी आणि आयुर्वेद एकत्र आहे का. एवढं पाहिलं तरी बरंच समजतं.

सावधान: पेपर मागे घेतलेला असू शकतो. झोटेरो हे संदर्भ साठवायचं सॉफ्टवेअर (टप्पा १० पाहा) अशा नोंदीवर लाल इशारा दाखवतं, तो दिसला तर दुर्लक्ष करू नका.

## टप्पा ८: एका पेपरवरून मागे आणि पुढे

हातात पाच पक्के पेपर आले की त्यांच्या संदर्भ यादीतून मागे जा, आणि गूगल स्कॉलर किंवा स्कोपसमध्ये "साईटेड बाय" वर क्लिक करून पुढे. स्कॉलरमध्ये त्या यादीच्या आतच पुन्हा सर्च करायची सोय आहे, तिथे महाराष्ट्र टाका, स्कूल टाका. शब्द काहीही असो, ज्यांनी तो जुना पेपर वाचला ते सगळे इथे भेटतात. तेच ते लेखक पुन्हापुन्हा दिसायला लागले आणि नवीन काही येईनासं झालं की शोध पुरेसा झाला असं समजायला हरकत नाही.

सावधान: दुसऱ्याच्या थिसिसमधली संदर्भ यादी उचलून आपल्या थिसिसमध्ये टाकू नका. आणि चॅटबॉटला विचारून आलेले संदर्भ तर एकेक तपासल्याशिवाय अजिबात नाही. लेखक खरा, जर्नल खरं आणि पेपर मात्र अस्तित्वातच नाही, असे संदर्भ घेऊन मुलं डेस्कवर येतात आणि मला तो "शोधून द्या" म्हणतात. नसलेला पेपर कुठून शोधून देऊ? डीओआय, म्हणजे पेपरचा कायमचा ओळख क्रमांक टाकून पेपर उघडला आणि डोळ्यांनी पाहिला, तरच तो यादीत.

## टप्पा ९: पूर्ण पेपर मिळवणं

पैसे भरायचे नाहीत, निदान हे सगळं करून होईपर्यंत तरी नाहीच. एका मुलानं परदेशी प्रकाशकाला तीस डॉलरच्या वर भरून पेपर घेतला आणि चार दिवसांनी मला दाखवला, तो आमच्याकडे कॅम्पसवर मोफत उघडत होता. घरच्यांनी पाठवलेले पैसे होते ते, मला अजून आठवलं की हळहळ वाटते. क्रम असा ठेवा:

१. रिमोट लॉगिन करून प्रकाशकाच्या पानावर.
२. गूगल स्कॉलरमध्ये निकालाखाली "ऑल व्हर्जन्स", तिथे बऱ्याचदा लेखकाच्या विद्यापीठानं ठेवलेली मोफत प्रत असते.
३. अनपेवॉल हे ब्राऊझरचं एक्स्टेन्शन, कायदेशीर मोफत प्रत कुठे असेल तर दाखवतं.
४. लायब्ररीत अर्ज. आपली लायब्ररी डेलनेट या लायब्रऱ्यांच्या जाळ्याची सदस्य असेल तर दुसऱ्या लायब्ररीतून पुस्तक किंवा लेखाची प्रत मागवता येते.
५. लेखकाला चार ओळींचा ईमेल, आपण कोण, विषय काय, कुठला पेपर हवा. अनेक जण आनंदानं पाठवतात.

चौथं पाऊल लोक लाजून टाळतात. अहो, ते आमचं कामच आहे, मागा.

## टप्पा १०: साठवण

झोटेरो मोफत आहे, पहिल्या दिवशी बसवा, शंभर पीडीएफ जमल्यावर नाही. ब्राऊझरचं बटण दाबलं की पेपरची माहिती आत येते. आली की लगेच तिथल्या तिथे तपासा, आपल्याकडच्या नावांत नाव आणि आडनाव उलटं पडणं नेहमीचं आहे, साल चुकतं, टायटल सगळं कॅपिटलमध्ये येतं. शोधगंगेची आणि मराठी लेखांची नोंद बहुतेक वेळा हातानंच भरावी लागते. वेगवेगळ्या डेटाबेसमधून एकच पेपर तीनदा आलेला असतो, डुप्लिकेट आयटम्समध्ये जाऊन एकत्र करा. झोटेरोची मोफत ऑनलाईन जागा ३०० एमबी आहे, पीडीएफ जास्त झाल्या की भरते, म्हणून बॅकअप पेनड्राईव्हवर किंवा दुसरीकडे वेगळा.

शेवटी, चांगले चाललेले दोनतीन सर्च अलर्ट म्हणून सेव्ह करा, स्कॉलर आणि स्कोपस दोन्हीकडे ही सोय आहे, नवीन पेपर आला की ईमेल येतो. थिसिस लिहायला अजून दोन वर्षं असतील तर हे आजच करा.

आणि एवढं करूनही अडलात तर डेस्कवर या, पण येताना तीन गोष्टी आणा: शब्दांचा तक्ता, सर्चची शीट, आणि "मला असाच हवाय" असं वाटलेला एक तरी पेपर. तो एक पेपर असला की त्याचे कीवर्ड आणि संदर्भ यादी शेजारी बसून तिथल्या तिथे उघडता येते.